ज्योत्स्ना भोळे : रंगभूमीवरील गृहिणीचा उदय

मराठी रंगभूमीच्या इतिहासात स्त्रीपात्र आणि स्त्री या दोन गोष्टी दीर्घकाळ परस्परांपासून दूर राहिल्या. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली येथे सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून सीता, शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी, सिंधू अशा नायिकांनी मराठी प्रेक्षकांच्या मनावर राज्य केले. पण या नायिकांना देह आणि आवाज दिला तो पुरुषांनी. या परंपरेचा परमोत्कर्ष बालगंधर्वांच्या रूपाने झाला. त्यांच्या शालू नेसण्याच्या पद्धतीचे, केशभूषेचे आणि चालण्याबोलण्याचे अनुकरण घरोघरीच्या स्त्रिया करीत असत. स्त्रीने कसे दिसावे, कसे लाजावे, कसे रुसावे, याचा वस्तुपाठ एका पुरुषाने घालून द्यावा आणि स्त्रियांनी तो आनंदाने गिरवावा, ही घटना जागतिक रंगभूमीच्या इतिहासातही दुर्मीळ म्हणावी लागेल. ज्योत्स्ना भोळे यांच्या कार्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला, तरच त्याचे खरे मोल ध्यानात येते.

अन्य भारतीय भाषांतील परिस्थिती सर्वस्वी अशी नव्हती. कलकत्त्यात बेंगॉल थिएटरने १८७३ मध्येच स्त्रियांना रंगमंचावर आणले आणि पुढच्याच वर्षी बिनोदिनी दासी हिने रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले. पारशी नाटकमंडळ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेरी फेंटन हिने स्त्रीभूमिका गाजवल्या. याच मंडळ्यांचे खेळ पुढे उत्तर हिंदुस्थानातील संस्थानांपर्यंत पोहोचले. जयपुरात महाराजा सवाई रामसिंहांनी रामप्रकाश नाट्यगृह उभारून या नव्या कलेला राजाश्रय दिला. तथापि, या सर्व ठिकाणी रंगभूमीवर आलेल्या स्त्रीला समाजाने कलावती म्हणून डोक्यावर घेतले, पण घरातील स्त्री म्हणून जवळ केले नाही. बिनोदिनीने ज्या नाट्यगृहाच्या उभारणीसाठी स्वतःच्या आयुष्याची बाजी लावली, त्या नाट्यगृहाला तिचे नाव देण्याचे टाळण्यात आले. स्त्री रंगमंचावर येणे ही एक पायरी होती. तिला तेथे प्रतिष्ठा लाभणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांत बरेच अंतर होते.

महाराष्ट्रातही १९३३ पूर्वी स्त्रिया रंगमंचावर आल्याच नव्हत्या, असे मानणे चुकीचे ठरेल. केवळ स्त्रियांनी चालविलेल्या नाटकमंडळ्या होत्या आणि त्यांतील स्त्रिया पुरुषभूमिकाही करीत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटात काम केले. कमलाबाई गोखले पुढे रंगभूमीवरही दीर्घकाळ वावरल्या. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाटके उभी केली. म्हणून ज्योत्स्नाबाईंचा उल्लेख केवळ 'पहिली नटी' असा करणे इतिहासाला धरून नाही, आणि त्यांच्या कार्याला त्याने न्यायही मिळत नाही. त्यांचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. स्त्रीपात्राच्या अभिनयाला त्यांनी दर्शनीय लावण्याच्या कक्षेतून बाहेर काढले आणि माजघरातील बोलण्याच्या पातळीवर आणून ठेवले. या परिवर्तनाची किंमत कोणती होती, हाही त्यांच्या चरित्राचाच एक भाग आहे.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे या गावी झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. फोंडा महालातील हा परिसर देवालयांचा. महालक्ष्मी, नागेश, रामनाथ या देवस्थानांच्या उत्सवांतून गायनवादनाची आणि हौशी नाटकांची परंपरा तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याने मुंबईला किती गायिका दिल्या, याची नुसती नावे आठवली तरी या भूमीचे ऋण लक्षात येते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या जयपूर घराण्याच्या दोन्ही थोर गायिका मूळच्या गोव्याच्या. दुर्गेची थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर याही नामांकित गायिका होत्या. आग्रा घराण्याच्या उस्तादांची तालीम त्यांना लाभली होती आणि लहानग्या दुर्गेच्या कानांवर पहिले संस्कार झाले ते याच तालमीचे. गाणे हा तिच्या लेखी निराळा शिकण्याचा विषय नव्हता. ते घरातील रोजच्या व्यवहाराचे अंग होते.

बालपणीच ती मुंबईस आली. तो काळ मुंबईतील संगीताच्या दृष्टीने मोठ्या घडामोडींचा होता. ध्वनिमुद्रिका मध्यमवर्गीय घरांत शिरत होत्या, आणि १९२७ मध्ये मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाल्याने मैफल आणि नाट्यगृह यांच्यापलीकडचा एक नवा श्रोतृवर्ग निर्माण होत होता. या श्रोत्याला तीन-चार मिनिटांत संपणारे, शब्द कळणारे, भाव पोहोचवणारे गाणे हवे होते. मराठी भावगीताचा उदय याच गरजेतून झाला आणि त्याच्या आद्य शिल्पकारांत केशवराव भोळे यांची गणना होते.

केशवराव हे विलक्षण गृहस्थ होते. वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईस आलेल्या या तरुणाला संगीताने पुरते आपलेसे केले. रचनाकार म्हणून त्यांनी कवितेतील शब्दांना त्यांचे स्वाभाविक वजन राखून चाली दिल्या. टीकाकार म्हणून 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या टोपणनावांनी आपल्या काळातील गायकांची परखड मीमांसा केली. तानांच्या आतषबाजीखाली अर्थ गुदमरू नये, हा त्यांच्या विचाराचा गाभा. त्यांच्याशी दुर्गेचा विवाह १९३२ मध्ये झाला आणि दुर्गा केळेकरची ज्योत्स्ना भोळे झाली. वयातील अंतर अठरा वर्षांचे. ती पत्नी होती, तशीच शिष्याही. घराण्याच्या तालमीत तयार झालेला मोकळा, सुरेल गळा आणि शब्दार्थाकडे सदैव लक्ष ठेवणारी रचनादृष्टी यांचा हा संयोग होता. त्यातून पुढे जे घडले ते संगीताइतकेच नाट्यालाही उपकारक ठरले.

विवाहाच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हा बोलपट झळकला आणि त्यात तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे या सुशिक्षित घरातील स्त्रीचे दर्शन प्रेक्षकांना घडले. बोलपटाने नाटकमंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला, एवढेच त्याचे परिणाम नव्हते. पडद्यावर स्त्री ही स्त्रीच्याच आवाजात बोलताना ऐकल्यावर रंगमंचावरील पुरुषनायिकेचा संकेत प्रेक्षकाला पूर्वीइतका सहज स्वीकारता येईना. जुन्या मंडळ्यांचा भार प्रचंड होता : शेकडो माणसांचे बिऱ्हाड, भरजरी पडदे, रात्र रात्र चालणारे खेळ आणि 'वन्समोअर'च्या गजरात लांबत जाणारी पदे. एकेक मंडळी कर्जात बुडू लागली होती.

या संकटाच्या काळात मुंबईतील काही सुशिक्षित तरुणांनी नाट्यमन्वंतर ही संस्था स्थापन केली. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते आणि केशवराव भोळे ही मंडळी तिच्याशी निगडित होती. युरोपातील वास्तववादी नाटक त्यांनी इंग्रजी भाषांतरांतून वाचले होते आणि मराठी रंगभूमीला तेच वळण द्यावे, असा त्यांचा संकल्प होता. १ जुलै १९३३ रोजी संस्थेचे पहिले नाटक 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगभूमीवर आले. नाटककार वर्तक, मूळ कृती नॉर्वेचा नाटककार ब्यर्न्सन याचे १८८३ मधील नाटक.

ब्यर्न्सनच्या त्या नाटकाने स्कँडिनेव्हियात मोठे वादळ उठविले होते. विवाहापूर्वी स्त्रीने निष्कलंक असावे, अशी अपेक्षा समाज बाळगतो, तर तीच अपेक्षा स्त्रीने पुरुषाकडून का करू नये, असा प्रश्न त्यातील नायिका विचारते, आणि भावी पतीच्या पूर्वायुष्याचा उलगडा होताच त्याच्या तोंडावर आपला हातमोजा भिरकावून देते. नीतीची दुहेरी मापे हा या नाटकाचा विषय. तो १९३३ च्या मुंबईत मांडताना एका पुरुषाने लुगडे नेसून हा प्रश्न विचारला असता, तर त्यातील सारी धार बोथट झाली असती. पुरुषाच्या नीतीवर आरोप करणारी स्त्री पुरुषानेच वठवावी, ही विसंगती कोणत्याही कौशल्याने झाकली गेली नसती. येथे स्त्रीभूमिका स्त्रीने करणे ही हौसेची किंवा नवलाईची बाब राहिली नव्हती; नाटकाच्या आशयाचीच ती मागणी होती. ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक या दोघींनी ती पुरी केली. दोघीही संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या पत्नी होत्या, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. गृहिणीला रंगमंचावर आणावयाचे, तर तिच्या घराची संमती तिच्या पाठीशी आहे, हे प्रेक्षकाला दिसणे आवश्यक होते.

ज्योत्स्नाबाईंनी बिंबाची भूमिका केली तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी तीन भिंतींची खोली, खरेखुरे सामान, दैनंदिन बोलीला जवळ असणारे संवाद आणि मोजकीच पदे, असा हा सारा मांड होता. अशा खोलीत जुन्या नायिकेचा डौल उपरा वाटला असता. पूर्वीची नायिका प्रेक्षकांकडे तोंड करून गात असे. तिचे गाणे हे नाटकातील नाटक होते आणि त्या अवधीत कथानक थांबून राही. बिंबाचे गाणे कथानकात मुरलेले होते. एकटे असताना माणूस जसे स्वतःशी गुणगुणते, तसे ते होते. केशवरावांच्या रचनेने गीताला संवादाच्या शेजारी बसवले आणि ज्योत्स्नाबाईंच्या गळ्याने बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात जाण्याची वाट सुकर केली. मराठी नाट्यसंगीत आणि भावगीत यांचा सांधा येथे जुळला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

नाट्यमन्वंतर फार काळ टिकली नाही. आदर्श उच्च होते, पण व्यवसायाचे गणित जमले नाही आणि काही वर्षांतच संस्था लयाला गेली. केशवराव पुण्यास प्रभात फिल्म कंपनीत संगीतदिग्दर्शक म्हणून गेले. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटांचे संगीत त्यांचे. ज्योत्स्नाबाईंचा संसार पुण्यात स्थिरावला. त्या मुलाबाळांत रमल्या, पण गाणे सुटले नाही. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांच्याद्वारे त्यांचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचत राहिला. रंगमंचापासून दूर असतानाच त्यांची आणि मध्यमवर्गीय कुटुंबाची खरी ओळख झाली, असे दिसते. पुढे त्या रंगभूमीवर परतल्या, तेव्हा प्रेक्षक एका नटीकडे पाहत नव्हता. घरातल्याच परिचित आवाजाला प्रत्यक्ष भेटत होता.

हे पुनरागमन घडविले मो. ग. रांगणेकर यांनी. १९४१ मध्ये त्यांनी नाट्यनिकेतन ही संस्था काढली. नाट्यमन्वंतरने जे प्रयोगाच्या पातळीवर केले, ते रांगणेकरांनी व्यवसायाच्या पातळीवर करून दाखवले. आटोपशीर तीन अंक, एका अंकाला एक स्थळ, चुरचुरीत संवाद, मोजकी पदे, मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा आणि स्त्रीभूमिकांत स्त्रिया, ही त्यांच्या नाटकांची वैशिष्ट्ये होत. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांचे 'कुलवधू' रंगभूमीवर आले. 'छोडो भारत' आंदोलनाने मुंबई पेटून उठली होती, पुढारी तुरुंगात होते. अशा अस्वस्थ दिवसांत या कौटुंबिक नाटकाने अपूर्व लोकप्रियता संपादन केली. त्यातील भानुमती ही ज्योत्स्नाबाईंच्या जीवनातील सर्वश्रेष्ठ भूमिका होय.

भानुमती ही अभिनयाच्या व्यवसायात कीर्ती आणि पैसा मिळवणारी विवाहित स्त्री. तिच्या यशाबरोबर पतीचा अहंकार दुखावत जातो, संशय बळावतो आणि अखेर तिला त्याचे घर सोडावे लागते. इब्सेनच्या नोराचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. इब्सेनचे ते नाटक १८७९ चे. त्याचे 'घरकुल' हे मराठी रूपांतर अनंत काणेकरांनी 'कुलवधू'च्या आदल्याच वर्षी केले होते. पण नोरा आणि भानुमती यांच्या वाटा उंबरठ्यापाशीच अलग होतात. नोरा दार लावून घेते आणि अज्ञातात निघून जाते. भानुमती पतीचे घर सोडते ती सासरच्या माणसांकडे, सासूसासऱ्यांच्या आश्रयाला जाण्यासाठी. पतीला नाकारूनही ती कुळाला नाकारीत नाही. नाटकाच्या शीर्षकाचा अर्थ या शेवटच्या निर्णयात आहे.

या शेवटाकडे तडजोड म्हणून पाहणारे टीकाकार आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. बंडाची धार कमी करून ते प्रेक्षकाला पचेल असे रांगणेकरांनी केले, हे खरेच. परंतु तौलनिक दृष्टीने पाहता येथे आणखीही काही घडलेले आढळते. नोराच्या समाजात विवाह हा दोन व्यक्तींमधील करार होता. तो मोडला की सारेच संपत होते. भानुमतीच्या समाजात विवाहाने स्त्री एका घराशी, एका वडीलधाऱ्या पिढीशी बांधली जात होती. पतीशी असलेले नाते संपले तरी ही नाती उरतात आणि त्यांच्यावर आपला हक्क आहे, असे भानुमती ठामपणे मांडते. युरोपीय बीज मराठी मातीत रुजताना त्याला निराळे फळ आले, ते असे. ते नोराच्या फळाइतके तिखट नाही. पण ते परकेही वाटत नाही.

भानुमती साकारताना ज्योत्स्नाबाईंच्या अभिनयात त्यांच्या स्वतःच्या जीवनाचाच आशय उतरला असला पाहिजे. नटीचा व्यवसाय करणारी गृहिणी ही नाटककाराची कल्पना होती आणि नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकासमोर तिचे जिवंत उदाहरणही उभे होते. नाटकात भानुमतीला जे मिळत नाही, ते ज्योत्स्नाबाईंना मिळाले होते : व्यवसायाला मान देणारा, किंबहुना त्यात वाट दाखवणारा पती. या अंतरामुळेच भानुमतीचे दुःख प्रेक्षकाला अधिक टोचले असेल. ज्या घरात हे सुखाने घडू शकते, ते सर्व घरांत का घडू नये, हा प्रश्न न विचारताच विचारला जात होता.

'कुलवधू'ची पदे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी स्वरबद्ध केली. ते भास्करबुवा बखल्यांचे शिष्य आणि गंधर्व नाटकमंडळीच्या परंपरेत वाढलेले. त्यांच्या चालींत रागाचा भारदस्तपणा आहे, पण पसारा नाही. ज्योत्स्नाबाईंनी या पदांना शास्त्रीय गायनाची शिस्त आणि भावगीताचा जिव्हाळा या दोन्ही गोष्टी दिल्या. ही पदे नाट्यगृहातून बाहेर पडली, ध्वनिमुद्रिकांवर चढली, आणि पहाटेच्या नभोवाणीतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून, सणासमारंभांतून दशकानुदशके ऐकली गेली. बालगंधर्वांची पदे गाणाऱ्यास गवई व्हावे लागे. ज्योत्स्नाबाईंची पदे कोणतीही मुलगी घरी गुणगुणू शकत होती. स्त्रीकंठासाठी, स्त्रीच्या स्वाभाविक पट्टीत बसवलेले नाट्यगीत त्यांच्यामुळे लोकप्रिय झाले.

यानंतर नाट्यनिकेतनच्या 'अलंकार', 'एक होता म्हातारा', 'कोणे एके काळी' इत्यादी नाटकांतून त्यांनी कामे केली. 'आराधना' हे संगीत नाटक लिहून त्यांनी लेखनाच्या क्षेत्रातही पाऊल टाकले. भावगीतगायनात त्यांची प्रतिष्ठा अखेरपर्यंत अबाधित राहिली. राजा बढे यांच्या माहेराची ओढ सांगणाऱ्या गीताला पु. ल. देशपांडे यांनी दिलेली चाल त्यांच्या आवाजात अजरामर झाली आहे. सासुरवाशिणीच्या मनातील हुरहुर व्यक्त करायला यापेक्षा अधिक समर्थ आवाज मिळाला नसता; कारण त्या आवाजात तक्रार नाही, केवळ आठवण आहे. उतारवयात त्यांनी 'तुमची ज्योत्स्ना भोळे' या नावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. नावातील 'तुमची' हा शब्द अर्थपूर्ण आहे. कलावतीने वाचकाशी जोडलेले हे नाते घरगुती पत्राच्या शेवटी येणाऱ्या सहीसारखे आहे. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुण्यात हिराबागेतील सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

ज्योत्स्नाबाईंच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी एकत्र ध्यानात घ्याव्या लागतात. रंगभूमीवरील स्त्रीला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, ही पहिली. सुशिक्षित घरातील मुलीने नाटकात काम करणे ही लाजेची बाब राहिली नाही, याचे श्रेय अनेकांचे असले तरी त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दुसरी गोष्ट अशी, की ही प्रतिष्ठा 'कुलीन' या एका शब्दाच्या आधाराने आली. स्त्रीला रंगमंच मिळाला तो ती कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी सून आहे, या ओळखपत्रावर. ज्यांच्याजवळ असे ओळखपत्र नव्हते, त्या आधीच्या कलावतींची नावे 'पहिली कुलीन नटी' या बिरुदाच्या छायेत झाकली गेली. गोव्याच्या ज्या गायनपरंपरेने ज्योत्स्नाबाईंना गळा दिला, त्या परंपरेतील अनेक स्त्रियांना रसिकांनी कान दिले, मान दिला नाही. हा दोष ज्योत्स्नाबाईंचा नव्हे. तो त्यांना स्वीकारणाऱ्या समाजाच्या स्वीकाराच्या रीतीचा आहे.

तरीही कलेचे कार्य समाजाने घातलेल्या अटींपाशी संपत नाही. बिंबा आणि भानुमती यांना एकदा स्त्रीचा आवाज मिळाल्यावर मागे फिरणे शक्य उरले नाही. त्यानंतरच्या मराठी नाटककाराने स्त्रीपात्र लिहिताना ते स्त्रीच करणार, हे गृहीत धरले. आणि हे गृहीत धरल्यामुळेच तो अधिक खोल, अधिक कटू, अधिक निर्भय अशा नायिका लिहू शकला. ज्या स्त्रिया पुढे या रंगभूमीवर कुळाचा दाखला न मागता उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी दार उघडून देणारी स्त्री मात्र कुलवधूच्या वेशात आली होती. इतिहासाची ही गुंतागुंत सोडवता येत नाही. ती समजून घेणे एवढेच अभ्यासकाच्या हाती असते.